पाकोळ्या पुन्हा आल्या? एकदा स्वयंपाकघराबाहेर बघा

तिसऱ्यांदा सगळे डबे घासून उपडे घातले तेव्हा मी घरात जाहीर केलं होतं, आता एक जरी पाकोळी दिसली तर मी माहेरी जाते. पाच आठवड्यांनी ट्यूबलाइटभोवती दोन घिरट्या घालत होत्या. माहेर ठाण्यात, ऐरोलीहून लोकलने दहा मिनिटं, त्यामुळे धमकी कुणी फारशी मनावर घेतली नाही.

धान्यातल्या पाकोळ्या एकदा साफसफाई करून गेल्या असतील तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. हे त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्याकडे त्या जातात आणि दर महिना-दीड महिन्याने परत येतात. आमच्याकडे हा प्रकार आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत चालला. त्यात मी काय काय चुकीचं केलं तेही सांगते, कारण त्या चुका बहुतेक जण करतात.

आधी ओळख पटवा

तांदळात काळपट, पुढे सोंड असलेले बारके किडे चालताना दिसत असतील तर ते सोंडे. पिठात तांबडे चपटे किडे असतील तर तेही वेगळे. आमच्या गावाकडे सगळ्यांनाच सरसकट टोके म्हणतात. ह्यांतला कुणी जाळी करत नाही. रव्याचे गोळे होऊन ते एकमेकांना लोंबकळत असतील, तांदूळ हातात घेतल्यावर दहा-बारा दाणे माळेसारखे एकदम वर येत असतील, डब्याच्या झाकणाला आतून धुरकट पडदा धरला असेल, तर ते काम पाकोळीच्या अळीचं.

अजून एक घोटाळा होतो. खाडीच्या बाजूच्या ओलसर घरांत भिंतीवर करड्या रंगाची, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती अशी एक डबी सरपटताना दिसते. आतली अळी कधी या टोकाने तर कधी त्या टोकाने डोकं बाहेर काढते. तीही एका पतंगाचीच अळी, पण ती धान्याच्या वाटेला जात नाही. केस, कोळिष्टकं, लोकरीचा कचरा यांवर जगते. तिच्यासाठी डबे रिकामे करू नका, झाडू मारा. मी एकदा ती बघून अख्खी कणीक फेकली आहे.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे. आपल्याकडे घरात मुख्यतः दोन जातींच्या पाकोळ्या सापडतात. एक राखी-तपकिरी, मळकट, अंगावर धड नक्षी नाही, साधारण सेंटिमीटरभर लांब. ही तांदळाची पाकोळी, शास्त्रीय नाव कॉर्सायरा सेफॅलोनिका. दुसरीच्या पंखांवर दोन रंग सरळ दिसतात: डोक्याकडचा भाग फिकट, मागचा तांब्याच्या कळशीसारखा लालसर. ती प्लोडिया इंटरपंक्टेला, इंग्रजीत इंडियन मील मॉथ. त्या नावातलं इंडियन आपलं नव्हे बरं का. अमेरिकेत पूर्वी मक्याच्या पिठाला इंडियन मील म्हणत, त्यावरून ते पडलं. उगाच आपल्या माथी.

दोन्हींमध्ये फरक करून काय मिळतं, असं मलाही वाटलं होतं. त्या फरकाने माझे पैसे वाचले असते.

रिकामा सापळा

दुसऱ्या खेपेनंतर मी ऑनलाइन चिकट सापळे मागवले. पुठ्ठ्याचा त्रिकोणी तंबू, आत डिंक, डिंकावर वासाची गोळी. पाकीटावर ‘सर्व प्रकारच्या किचन मॉथसाठी’. दोन सापळे ओट्याच्या वर टांगले. महिनाभरात त्यांत एक चिलट, थोडी फोडणीची वाफ आणि एक मोहरी अडकली. पाकोळ्या तंबूच्या छपरावर बसून आराम करायच्या.

कारण नंतर कळलं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सापळ्यांतला वास प्लोडियाच्या मादीचा असतो. त्या जातीत मादी गंध सोडते आणि नर तिच्या शोधात येतो, म्हणून नर डिंकात अडकतो. तांदळाच्या पाकोळीत उलटा कारभार आहे: गंध सोडून बोलावतो तो नर. तिच्या दृष्टीने माझा सापळा म्हणजे परक्या भाषेतली पाटी. तुमच्याकडे लालसर पंखवाली असेल तर सापळा जरूर लावा, पण तेव्हाही त्यात फक्त नर सापडतात. तो तापमापकासारखा वापरायचा. कुठल्या खोलीतल्या सापळ्यात जास्त अडकतात ते बघायचं. ताप मोजला म्हणून उतरत नाही.

कॅलेंडरवरच्या फुल्या

मी नकळत एक काम बरोबर केलं होतं. दूध, गॅस, बाईंच्या सुट्ट्या जिथे लिहिते त्याच कॅलेंडरवर पाकोळी दिसली की फुली मारायचे. नवऱ्याने एकदा पानं उलटताना दाखवलं, की फुल्या पसरलेल्या नाहीत, झुंडीने आहेत. आठ-दहा दिवस फुल्याच फुल्या, मग शांतता, मग साधारण पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा झुंड.

हा त्यांचा संसाराचा हिशोब आहे. एक मादी थोड्या दिवसांच्या आयुष्यात शे-दीडशेपासून तीन-चारशेपर्यंत अंडी घालते. अंडी इतकी बारीक की रव्यात रव्यासारखी दिसतात. आपल्या दमट, गरम हवेत काही दिवसांत अळ्या बाहेर पडतात, महिनाभर खातात, कोष करतात, आणि आठ-दहा दिवसांत पाकोळी होऊन उडतात. उडणारी पाकोळी धान्य खात नाही. तिची जी काही नासधूस करायची ती अळीपणीच झालेली असते. म्हणजे चपलेने पाकोळ्या मारण्यात समाधान आहे, पण महिनाभर उशिराचं.

फुल्यांवरून दुसरं कळलं ते जास्त महत्त्वाचं. मी प्रत्येक वेळी स्वयंपाकघर धुऊन काढलं होतं, आणि तरी झुंडीच्या तारखा जराही पुढेमागे झाल्या नव्हत्या. त्यांना माझ्या साफसफाईचा पत्ताच नव्हता. याचा अर्थ त्या राहत होत्या दुसरीकडे.

उगम शोधायची रीत: कोष मोजा

पाकोळी उडते, म्हणून ती कुठे दिसली यावरून काही कळत नाही. दिवा दिसेल तिकडे जाते. खरी खबर देते ती पूर्ण वाढलेली अळी. दुधी रंगाची, तपकिरी डोक्याची, दीड सेंटिमीटरच्या आसपास. ती खाणं सोडते आणि कोष करायला कोरडी, चिंचोळी फट शोधत भिंतीने वर चढत जाते. छताच्या कडेला अळी दिसते ती यामुळे. ती बरीच लांबही जाते, पण सगळ्या लांब जात नाहीत. बऱ्याच जणी आळस करून जवळच बसतात. म्हणून जिथे कोष दाट, तिथे जवळपास उगम.

एका रविवारी मी टॉर्च आणि पेन्सिल घेऊन घरभर फिरले. शेल्फच्या पिना अडकवायच्या भोकांत, बिजागरीच्या मागे, ट्रॉलीच्या पट्ट्यांखाली, बरणीच्या झाकणाच्या आट्यांत, ट्यूबच्या पट्टीमागे, पडद्याच्या दांडीच्या टोकाशी. कोष सापडला की पेन्सिलने टिंब. कोष म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी पांढरट रेशमी पुडी, वर कचरा चिकटलेला. स्वयंपाकघरात चार टिंबं झाली. बाहेरच्या खोलीत एक. सासूबाईंच्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर आणि त्यावरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, अकरा.

कपाट उघडायला सासूबाई तयार नव्हत्या. “माझ्या कपाटात कसलं आलंय धान्य? साड्या आहेत आणि कापूर आहे.”

मी म्हटलं, “आई, एकदा बघू तर दे.”

वरच्या खणात, पैठणीच्या मलमलीच्या पिशवीमागे, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ओट्या होत्या. हळदीकुंकवाच्या, डोहाळजेवणाच्या, नवरात्रातल्या, गेल्या दोन वर्षांच्या. प्रत्येकीची खणात बांधलेली पुरचुंडी: तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. पहिली गाठ सोडायला गेले तर खण उलगडेना. आतून शिवल्यासारखा झाला होता. जरा ओढल्यावर टर्र असा आवाज आला, जुनी बँडेजची पट्टी काढताना येतो तसा. आत तांदूळ असे उरलेच नव्हते. कुंकवाने गुलाबी झालेला भुगा, जाळीत लटकलेले अर्धे दाणे, खोबऱ्याची वाटी आतून पोखरून पापडासारखी पातळ. खणाच्या काठाला ओळीने सात कोष, जणू कुणी टाचे मारलेत. एक अळी हळकुंडावरून चालत माझ्या अंगठ्यापर्यंत आली.

पैठणीला धक्का लागला नव्हता. ही अळी रेशीम खात नाही, कपडे खाणारा पतंग वेगळा. पण हे सासूबाईंना समजावेपर्यंत दहा मिनिटं त्या पलंगावर बसून होत्या. मग म्हणाल्या, “देवीची ओटी गं ती, टाकायची कशी?” आणि मग स्वतःच, जरा वेळाने, “खरं म्हणजे ठेवायचीच नसते. ओटीच्या तांदळाचा भात करून घरच्यांनी खायचा असतो. मीच ठेवत गेले.”

ते सगळं आम्ही एका पातेल्यात घेतलं, वर उकळतं पाणी ओतलं, निवल्यावर सोसायटीच्या आवारातल्या चाफ्याच्या बुंध्याशी मातीत पुरलं. खण गरम पाण्यात धुतले. त्यातल्या तिघांच्या गोधडीच्या चौकटी झाल्या.

ज्याला आपण धान्य मानत नाही ते धान्य

तेव्हापासून कुणीही पाकोळ्यांबद्दल विचारलं की मी डब्यांचं विचारतच नाही. मी विचारते, रुखवत कुठे आहे? डाळी, तांदूळ, मोहरी चिकटवून केलेला गणपती किंवा सप्तपदी काचेत घालून माळ्यावर ठेवलेली असते आणि ती खाण्याची वस्तू आहे हे घरात सगळे विसरलेले असतात. अळी विसरत नाही. देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमधल्या अक्षता, कलशाखालचे तांदूळ, मुलांच्या हस्तकलेतलं तांदूळ भरलेलं डमरू, शेकायची गव्हाची पिशवी, कबुतरांसाठी आणलेली ज्वारी, माशांचं आणि कुत्र्याचं खाणं, दिवाळीत भेट आलेला आणि न फोडलेला सुक्यामेव्याचा खोका, मागच्या उन्हाळ्यातल्या सुक्या मिरच्यांची पिशवी, मुखवास. घरघंटी असेल तर तिच्या जाळीखाली आणि पिठाच्या कापडी पिशवीच्या शिवणीत साठलेलं पीठ. माझ्या बहिणीकडे तीन महिने शोधाशोध झाली आणि उगम निघाला घरघंटीच्या तळाशी.

माळा आणि बंद खोका ही दोन ठिकाणं आधी बघा. प्लॅस्टिकची पातळ पिशवी ही अळी कुरतडून आत-बाहेर करते, त्यामुळे ‘पाकीट फोडलेलंच नाही’ हा पुरावा धरू नका. पाकीट उजेडासमोर धरून शिवणीशी बारीक भोक आहे का बघायचं.

सापडल्यावर

जाळी धरलेलं टाकायचं. चाळून, पाखडून वाचवायच्या भानगडीत पिठं, रवा, पोहे यांच्याबाबत पडू नका. जाळीत विष्ठा आणि कात असते, चव जाते. चुकून एखादी अळी पोटात गेली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती चावत नाही की रोग पसरवत नाही. टाकायची पिशवी गाठ मारून त्याच दिवशी घराबाहेर. ओल्या कचऱ्याच्या डब्यात रात्रभर ठेवली तर सकाळपर्यंत त्यातल्या निम्म्या पुन्हा भिंतीवर.

जे बरं दिसतंय पण भरवसा नाही, ते फ्रीझरमध्ये. उणे 18 अंशांवर आठवडाभर ठेवलं की अंडीसुद्धा मरतात. किलोच्या पिशव्या करून ठेवा, मोठ्या गठ्ठ्यात थंडी मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतलं पाणी रव्यावर बसेल आणि पाकोळीऐवजी बुरशी येईल.

उष्णतेनेही तेच होतं. धान्य आतपर्यंत 55 अंशांना तासभर राहिलं की काहीच जगत नाही, आणि कढईत तर त्याहून कितीतरी जास्त होतं. आपल्या आज्या रवा आणल्याबरोबर भाजून ठेवायच्या, भाजणी खमंग भाजल्याशिवाय दळायला द्यायच्या नाहीत, त्यात चवीइतकीच ही पण अक्कल होती. ऊन दाखवण्याचा उपाय उत्तम, फक्त पातळ पसरून, एप्रिल-मेच्या कडक उन्हात. जुलैत नवी मुंबईत ऊन कुठलं? आणि आमच्या सोसायटीत गच्चीला बारा महिने कुलूप, चावी मागितली की अर्ज करा म्हणतात. बाल्कनीतल्या दोन तासांच्या उन्हाने अळ्या फक्त डब्याच्या तळाशी पळतात.

शेल्फ मात्र धुण्याआधी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. फटीतला कोष ओल्या फडक्याने निघत नाही. पिनांची भोकं, कोपरे, बिजागऱ्या ओढल्यावर साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा, आणि व्हॅक्यूमची पिशवी लगेच बाहेर रिकामी करा. धान्याच्या कपाटात कीटकनाशकाचा फवारा मारू नका. कोषाला तो लागत नाही, लागतो तो तुमच्या डब्यांना.

धान्यात बोरिक पावडर नको. आणि अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्या गोदामात धान्याला लावतात, त्या कुणी ओळखीने आणून दिल्या तरी घरात ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो माणसाला मारतो. बंद खोलीत झोपलेली माणसं दगावली आहेत. त्या वापरायची परवानगी सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाले सोडून कुणाला नाही. या एका बाबतीत मी कुणाचंही ‘आम्ही तर वर्षानुवर्षं लावतो’ ऐकून घेत नाही.

कडुनिंबाचा पाला, तमालपत्र, लवंगा? ठेवा, वास छान येतो. माझ्या तांदळाच्या डब्यात तमालपत्रं होती, आणि त्यांतल्या एका पानाला पन्हाळीसारखं वळवून त्यात अळीने कोष केला होता. डाळीला एरंडेल चोळणं ही वेगळी गोष्ट, त्याने डाळीतल्या भुंग्याला खरोखर आळा बसतो. पाकोळीसाठी त्यावर विसंबू नका.

उगम सापडून गेल्यावरही दोन-तीन आठवडे चुकार पाकोळ्या दिसत राहतील. त्या आधीच फटीत बसलेल्या कोषांतून येतात. इथे धीर सोडून पुन्हा डबे काढू नका, फक्त मारा आणि फुल्या मारत राहा. दोन फेऱ्या, म्हणजे साधारण तीन महिने, झुंड आली नाही तर सुटलात.

पुन्हा येऊ नयेत म्हणून

पूर्वी मी शेजारणींबरोबर वाशीच्या एपीएमसीत जाऊन धान्य बाजारातून तीस किलोची गोणी आणायचे. आता कोलम उन्हाळ्यात तेवढा आणते, पण पावसाळ्यात महिन्यापुरता, इथल्याच वाण्याकडून. दमट हवेतले चार महिने साठा जितका कमी तितकं बरं. गोणी आणली तरी ती दाराबाहेर रिकामी करायची, गोणीच्या दुमडलेल्या शिवणीत हमखास कोष असतात. आणि त्या गोणीत नंतर कांदे भरायचा मोह टाळा.

नवीन रवा, मैदा, बेसन, शेंगदाणे आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये, मग डब्यात. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर निदान नवीन पाकीट जुन्याच्या डोक्यावर ओतू नका. डबा संपू दे, धुऊन खडखडीत वाळू दे, मग भरा.

डब्यांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपले स्टीलचे दाबून लावायचे डबे घट्ट वाटतात, पण नुकती जन्मलेली अळी मिलिमीटरभराची असते आणि झाकणाच्या कडेची फट तिला दरवाजासारखी. पिठं आणि रवा तरी रबराची कडी असलेल्या बरणीत ठेवा. सगळे डबे बदलायची गरज नाही. साखर, मीठ, चहा त्यांना नकोच असतं.

जाता जाता एक गंमत. हीच तांदळाची पाकोळी आपल्याकडच्या कृषी प्रयोगशाळांत मुद्दाम, भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर पाळतात. तिच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा नावाची इवलीशी गांधीलमाशी वाढवतात आणि ती अंडी कार्डावर चिकटवून उसात नि कापसात लावतात, तिथल्या पोखरणाऱ्या अळ्यांचा बंदोबस्त करायला. शेतकरी मामाला मी हे सांगितलं तर म्हणाला, अगं, ट्रायकोकार्डं मी विकत आणतो, तू फुकट वाढवत होतीस की.

या नवरात्रात घरात पाच ओट्या आल्या. दसऱ्याच्या आत तांदळाचा भात झाला, खोबरं वाटणात गेलं. सुपाऱ्या आणि हळकुंडं तेवढी सासूबाईंनी ठेवली आहेत, कपाटातच, पण बरणीत. बरणीला रबराची कडी आहे. त्या दुपारी झोपल्या होत्या तेव्हा मी बघून घेतलं.